कंडिशनर घेण्याआधी घरची वीज तपासा

मनासारखा ॲम्प्लिफायर मिळाला, स्पीकर जागेवर लागले, भीमसेनजींची किंवा किशोरीताईंची जुनी रेकॉर्ड लावली की पहिले काही आठवडे सुखात जातात. मग कुणीतरी जाणकार घरी येतो, ऐकतो आणि म्हणतो, "छान आहे, पण आपल्याकडची वीज फार घाण असते हो. पॉवर कंडिशनर लावा, आवाज धुतल्यासारखा होईल." त्या दिवसापासून मनात किडा वळवळायला लागतो. दुकानात चौकशी केली तर किमती काही हजारांपासून थेट लाखांपर्यंत.

हा लेख त्या वळणावर उभ्या असलेल्यांसाठी आहे. उत्तर आधी देतो. नीट बनवलेलं यंत्र असेल आणि घरी येणारी वीज साधारण बरी असेल, तर कंडिशनरमुळे कानाला कळेल असा फरक पडत नाही. फरक पडतो अशा मोजक्या परिस्थिती आहेत, आणि त्या घरबसल्या ओळखता येतात. त्यांपैकी बऱ्याच दुखण्यांवर कंडिशनरहून खूप स्वस्त इलाज आहे. यंत्र जळण्यापासून वाचवणं हा मात्र वेगळा प्रश्न. तिथे मी खर्च करा असंच सांगेन.

प्लगपासून स्पीकरपर्यंत

भिंतीतल्या सॉकेटमधून आलेली वीज स्पीकरपर्यंत जशीच्या तशी पोचते, असं चित्र आपल्या डोक्यात असतं. नळाचं गढूळ पाणी पेल्यात यावं तसं. प्रत्यक्षात तसं घडत नाही. २३० व्होल्टचा प्रवाह आधी ट्रान्सफॉर्मरमध्ये उतरतो, तिथून रेक्टिफायरमध्ये जाऊन एका दिशेचा होतो आणि मोठ्या कपॅसिटरमध्ये साठतो. हे कपॅसिटर म्हणजे गच्चीवरची टाकी. सेकंदाला १०० वेळा ती भरते आणि संगीताला लागणारी वीज या टाकीतून जाते, थेट नळातून नाही. पुढे डॅक (डिजिटल सिग्नलचा ॲनालॉग करणारा भाग), प्रीॲम्प अशा नाजूक भागांसाठी रेग्युलेटर बसवलेले असतात. त्यानंतरही जी खळखळ उरते ती सर्किट स्वतःच दाबतं. साध्या ऑपॲम्पची ही दाबण्याची क्षमता ऐकू येणाऱ्या खालच्या पट्ट्यात ८० ते १०० डेसिबल असते, म्हणजे वीजपुरवठ्यातली खळखळ दहा हजार ते एक लाख पटींनी कमी होऊनच आवाजात शिरू शकते.

म्हणजे ज्या कामासाठी कंडिशनर विकला जातो, ते काम तुमच्या ॲम्प्लिफायरच्या पेटीत आधीच चाललेलं असतं. ज्यांनी तो बनवला त्यांना भिंतीतली वीज कशी असते हे ठाऊक होतं.

"पण व्होल्टेज तर सारखं वरखाली होतं!" होतं, हे खरं आहे. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांत घरगुती पुरवठ्याला अधिक-उणे ६ टक्क्यांची सूट धरलेली होती, म्हणजे अंदाजे २१६ ते २४४ व्होल्ट. गावाकडे शेतीपंप सुरू झाले की काटा याच्याही खाली जातो, हे तिथे राहणाऱ्यांना सांगायला नको. समजा १९५ व्होल्टच येताहेत. साध्या ट्रान्सफॉर्मरवर चालणाऱ्या ॲम्प्लिफायरच्या आतलं व्होल्टेज त्याच प्रमाणात घटतं, आणि १०० वॉटचा ॲम्प्लिफायर जास्तीत जास्त ७२ वॉट देऊ शकतो. ऐकायला हे भयंकर वाटतं, पण डेसिबलमध्ये ही घट दीडच्याही आत आहे. शिवाय दिवाणखान्यात रोजच्या आवाजात ऐकताना स्पीकरला सरासरी एखाद-दुसरा वॉट पुरतो. म्हणजे लग्नघरासारखा मोठा आवाज केल्याशिवाय ही घट जाणवणार नाही. १०० ते २४० व्होल्ट असं मागे छापलेल्या यंत्रांना तर १९५ चा काहीच त्रास नाही. व्होल्टेज कायम इतकं कमी असेल तर चांगला स्टॅबिलायझर घ्या, कारण घरातल्या फ्रिजलाही त्याची गरज आहे. तो घेतल्याने गाणं अधिक मोकळं होईल ही अपेक्षा मात्र ठेवू नका.

गुणगुणाट कुठून येतो

आता खऱ्या त्रासाकडे येतो. वाचकांपैकी ज्यांना कंडिशनरची ओढ लागली आहे, त्यांतल्या अनेकांचं मूळ दुखणं एकच असतं: गाणं थांबलं की स्पीकरमधून येणारा "हूंऽऽ". आपल्या संगीतात हा फार छळतो. रॉकच्या रेकॉर्डमध्ये तो झाकला जातो. आपल्याकडे आलापीत दोन स्वरांमधली शांतता हाच गाण्याचा जीव. त्या शांततेत तंबोरा असतो, आणि त्याच्याशी न जुळणारा हा दुसरा स्वर. विजेच्या गुणगुणाटातला १०० हर्ट्झचा स्वर पांढरी पाचच्या किंचित वर पडतो. आपले अनेक पुरुष गायक काळी एकच्या आसपास गातात. तिथून मोजलं तर हा स्वर जवळजवळ तीव्र मध्यम, तोही थोडा चढलेला. भूपातल्या आलापाखाली असा मध्यम वाजत राहिला तर ऐकणाऱ्याच्या जिवाचं काय होतं, ते मी भोगलं आहे.

म्हणून पहिली तपासणी कानाची. रात्री घर शांत झालं, पंखे बंद केले, की ॲम्प्लिफायर चालू करा आणि काहीही न वाजवता आधी त्याच्या पेटीजवळ कान न्या, मग स्पीकरजवळ. आवाज पेटीतून येत असेल आणि स्पीकर शांत असेल, तर ट्रान्सफॉर्मर थरथरतोय. टोरॉइडल म्हणजे कडीसारख्या गोल ट्रान्सफॉर्मरमध्ये हे अधिक दिसतं. वीजपुरवठ्यात थोडासा डीसी मिसळला की त्याचा गाभा कुरकुरतो. घरातला हेअर ड्रायर कमी उष्णतेवर चालवताना हाच आवाज वाढतो का ते पाहा. काही ड्रायर तेव्हा लाटेचा अर्धाच भाग वापरतात, आणि डीसी तिथून येतो. या दुखण्याला साधा फिल्टरवाला कंडिशनर उपयोगी नाही. डीसी ब्लॉकर नावाची छोटी वस्तू लागते.

आवाज स्पीकरमधूनच येत असेल, तर ॲम्प्लिफायर बंद करून त्याच्या मागच्या सगळ्या इनपुट वायरी काढा आणि पुन्हा चालू करा. स्पीकर गप्प झाला? मग वीज निर्दोष आहे, दोष वायरींच्या जोडणीत आहे. एकेक वायर परत लावत जा (प्रत्येक वेळी ॲम्प्लिफायर बंद करून). जी लावताच हूं सुरू होतं, ती गुन्हेगार.

आमच्या घरी हा गुन्हेगार केबल टीव्हीची वायर निघाली. त्याआधी माझा एक कंडिशनर घेऊन झाला होता, दुकानदाराच्या शब्दावर, आणि त्याने गुणगुणाट तसूभरही हलला नव्हता. सेट-टॉप बॉक्सच्या वायरीचं बाहेरचं कवच गल्लीतल्या खांबाशी कुठेतरी जमिनीला टेकलेलं, ॲम्प्लिफायर घरच्या अर्थिंगला टेकलेला. दोन ठिकाणच्या जमिनीत थोडा फरक असतोच. त्या फरकामुळे ऑडिओ वायरीच्या कवचातून ५० हर्ट्झचा प्रवाह फिरत होता. याला ग्राउंड लूप म्हणतात. केबलच्या वायरीत एक आयसोलेटर बसवला, तोही किरकोळ किमतीचा, आणि त्या रात्री पहिल्यांदा तंबोरा एकटा ऐकू आला. तेव्हापासून कुणी कंडिशनरचं नाव काढलं की मी आधी विचारतो, केबलची वायर कुठून येते?

लॅपटॉपवरून गाणी वाजवत असाल तर चार्जर काढून बॅटरीवर ऐकून पाहा. तेवढ्याने हूं थांबलं, तर डॅकला ऑप्टिकल वायरीने जोडा. तिच्यातून प्रकाश जातो, वीज जात नाही, म्हणून लूप तुटतो. सगळी यंत्रं एकाच सॉकेटवरच्या, चांगल्या अर्थिंगच्या एकाच एक्स्टेंशन बोर्डावर लावणं हा आणखी सोपा उपाय. एक मात्र कधीच करू नका: अर्थची पिन कापणं किंवा तीन पिनचा प्लग दोन पिनच्या अडॅप्टरमध्ये घालणं. हूं थांबतं, आणि आत कधी वायर सुटली तर पेटीच्या पत्र्यात २३० व्होल्ट उतरतात.

रेकॉर्ड प्लेयर असेल तर त्याची बारीक अर्थ वायर ॲम्प्लिफायरच्या मागच्या स्क्रूला लावली आहे ना, हे आधी बघा. मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजमधून जेमतेम ५ मिलिव्होल्ट येतात. एवढा हलका सिग्नल शंभर पटींच्या आसपास वाढवला जातो, तेव्हा शेजारच्या ट्रान्सफॉर्मरचं चुंबकत्वही त्यात शिरतं. प्लेयर एक-दोन हात दूर सरकवा. आणि सगळ्या वायरी काढूनही स्पीकरमध्ये खरखरीत गुणगुणाट राहत असेल, ॲम्प्लिफायर पंधरा-वीस वर्षांचा असेल, तर आतले फिल्टर कपॅसिटर सुकले असण्याची शक्यता मोठी. ते मेकॅनिककडून बदलून घ्या. टाकीच गळकी असेल तर नळाला गाळणी लावून काय होणार?

अर्थिंग आहे की नुसतं भोक आहे

सॉकेटला वर मोठं भोक दिसतं म्हणून अर्थिंग आहे, असं समजू नका. जुन्या वाड्यांत, चाळींत आणि कितीतरी नव्या इमारतींतही त्या भोकामागे वायरच नसते. वायरमनला बोलावून मल्टिमीटरने तीन मोजमापं घ्यायला सांगा. फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० च्या आसपास, फेज आणि अर्थमध्येही साधारण तेवढेच, न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टच्या आत. शेवटचा आकडा दहा-वीस किंवा त्याहून अधिक आला तर अर्थिंग नाही किंवा तुटलं आहे. घरात इस्त्री, गीझर चालू असतानाही तो आकडा अगदी शून्य राहिला तरी चौकशी करा. काही जण अर्थ वायर नसताना सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थ जोडून देतात. हे फार धोक्याचं आहे. उद्या न्यूट्रल तुटला तर तुमच्या यंत्रांचे पत्रे जिवंत होतील.

अर्थिंगचा कंडिशनरशी संबंध इथे येतो. त्यातल्या फिल्टरमध्ये फेजपासून अर्थपर्यंत आणि न्यूट्रलपासून अर्थपर्यंत छोटे कपॅसिटर असतात. खळखळ जमिनीत सोडून देण्याचं काम त्यांचं. अर्थिंगच नसेल तर खळखळ जाणार कुठे? उलट या दोन कपॅसिटरांच्या मध्यावर जवळपास निम्मं व्होल्टेज, म्हणजे ११५, उभं राहतं आणि कंडिशनरला लावलेल्या प्रत्येक यंत्राच्या पत्र्यावर पसरतं. ॲम्प्लिफायरला हात लावला की बोटांना जी चुरचुर होते ती हीच. प्रवाह अगदी थोडा असतो, पण वायरी लावता-काढताना नाजूक इनपुटचं नुकसान करायला पुरतो. म्हणजे अर्थिंग नसलेल्या घरात महागडा कंडिशनर स्थिती बिघडवू शकतो. तोच पैसा सोसायटीच्या अर्थिंगच्या खड्ड्याची दुरुस्ती आणि मीटरबोर्डापासून ऑडिओच्या सॉकेटपर्यंत स्वतंत्र वायर ओढण्यावर घाला. मला विचाराल तर घरच्या ऑडिओसाठी विजेवर करण्याचा सर्वांत शहाणा खर्च हाच.

फिल्टर खरंच कामाला येतो तेव्हा

फ्रिज सुरू होताना स्पीकरमध्ये "टक" होतं. पंख्याचा वेग बदलला की चिरचिर येते. अशा वेळी घरात वरच्या कंपनांची खळखळ आहे, हे नक्की. ती शोधायला घरातला जुना ट्रान्झिस्टर काढा. मीडियम वेव्हवर दोन स्टेशनांच्या मधल्या रिकाम्या जागी काटा आणा आणि रेडिओ घेऊन घरभर फिरा. स्वस्त एलईडी दिव्यापाशी, मोबाइलच्या चार्जरपाशी, पंख्याच्या गोल फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरपाशी खरखर वाढेल. तो रेग्युलेटर विजेची लाट मध्येच कापून वेग कमी करतो. त्याजागी पायऱ्या-पायऱ्यांचा कपॅसिटरवाला रेग्युलेटर बसवला की काम होतं. दिवे, चार्जर बदलले. तरीही खळखळ शेजारच्या वर्कशॉपमधून किंवा खालच्या पिठाच्या गिरणीतून येत असेल, तर ती तुमच्या हातात नाही. इथे चांगल्या फिल्टरचा कंडिशनर किंवा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घेतला तर मी नाही म्हणणार नाही. फक्त मोठा पॉवर ॲम्प्लिफायर जोडायचा असेल तर कंडिशनरची क्षमता त्याच्या गरजेपेक्षा बरीच अधिक असू द्या.

इन्व्हर्टरवर ऐकणाऱ्यांचं प्रकरण वेगळं. लाइट गेली की स्पीकर घोगरा झाला, ट्रान्सफॉर्मर गुरगुरायला लागला, अशी तक्रार तुमची असेल तर इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा आहे. साध्या लाटेचं शिखर ३२५ व्होल्टपर्यंत जातं आणि ॲम्प्लिफायरची टाकी त्या शिखरावर भरते. चौकोनी लाटेत ते शिखरच नाही; २३० व्होल्टची चौकोनी लाट २३० वरच थांबते, टाकी तीसेक टक्के रिकामी राहते. शिवाय १५०, २५०, ३५० हर्ट्झचे आगंतुक स्वर येतात ते वेगळेच. हा फरक कुणालाही ऐकू येतो. उपाय मात्र कंडिशनर नाही, प्युअर साइन वेव्हचा इन्व्हर्टर. हे पैसे वाया जात नाहीत.

आणखी एक जागा आहे, तीही जुन्या रेकॉर्ड प्लेयरवाल्यांसाठी. ज्यांचा प्लेयर सिंक्रोनस एसी मोटरवर चालतो, त्याचा वेग विजेच्या कंपनसंख्येवर ठरतो. एकेकाळी आपल्या ग्रिडची कंपनसंख्या बरीच डळमळायची. २००२-०३ मध्ये उपलब्धतेवर आधारित दरपद्धत आली आणि कंपनसंख्या ताळ्यावर आली, आता ४९.९० ते ५०.०५ हा पट्टा धरला जातो. एवढ्याने सूर ढळलेला कळत नाही. पण अमेरिकेतल्या नातेवाइकांकडून आलेला ६० हर्ट्झचा प्लेयर इथे ट्रान्सफॉर्मर लावून चालवला, तर ३३ १/३ ऐवजी तो मिनिटाला २७.८ फेरेच घेईल आणि गाणं तीन अर्धस्वरांहून अधिक खाली उतरेल. याला फिल्टर काहीही करू शकत नाही. ५० हर्ट्झची पुली बसवा, किंवा वीज नव्याने तयार करून ६० हर्ट्झ देणारं रीजनरेटर लागेल.

यंत्र वाचवण्यासाठी मात्र खर्च करा

आता धोक्याकडे. आमच्या आळीत एका संध्याकाळी दिवे अचानक लखलखले. कुठे फुल, कुठे डिम. दहा मिनिटांत अनेक घरांतले टीव्ही गेले. डीपीपासून येणारा न्यूट्रल तुटला होता. असं झालं की दोन फेजमधले चारशेच्या घरातले व्होल्ट घराघरांत विषम वाटले जातात, आणि ज्याच्या घरी लोड कमी त्याच्याकडे जास्त व्होल्टेज चढतं. हे आपल्याकडे वरचेवर घडतं, आणि बहुतेक कंडिशनर किंवा स्पाइक गार्ड इथे तोकडे पडतात. त्यांच्यातले एमओव्ही सेकंदाच्या लाखाव्या भागाचा झटका गिळण्यासाठी असतात. तीनशे-साडेतीनशे व्होल्ट मिनिटभर आले तर ते स्वतःच जळतात. यासाठी मीटरबोर्डात ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर बसवा. व्होल्टेज मर्यादेबाहेर गेलं की तो अख्ख्या घराची वीज तोडतो आणि पूर्ववत झालं की थोड्या वेळाने जोडतो. ऑडिओबरोबर फ्रिजही वाचतो.

विजांसाठी सर्ज प्रोटेक्टर वेगळा. त्यालाही अर्थिंग लागतं, आणि त्यातले एमओव्ही प्रत्येक झटक्यानिशी थोडे थोडे झिजतात, म्हणून दिवा विझलेला जुना प्रोटेक्टर बदला. परदेशातून १२० व्होल्टचा कंडिशनर आणून इथल्या सॉकेटमध्ये मुळीच घालू नका. त्याचे एमओव्ही २३० व्होल्टवर लागलीच जळतील, आगही लागू शकते.

तरीही घ्यावासा वाटला तर

या सगळ्यातून गेल्यावरही मन मानत नसेल, तर घरी चाचणी घ्या. दुकानदाराकडून आठवडाभर परत करण्याच्या बोलीवर कंडिशनर आणा. नेहमीची एकच रेकॉर्ड, त्यातली ठरावीक दोन मिनिटं. आवाजाच्या बटणाला हात लावायचा नाही, कारण अर्धा डेसिबल मोठं वाजलं तरी ते मनाला अधिक चांगलं वाटतं. घरातलं कुणी, मुलगी असो वा सून, पडद्याआड राहून नाणं उडवेल आणि त्यानुसार ॲम्प्लिफायर कंडिशनरला किंवा थेट भिंतीला लावेल. तुम्हाला कळू द्यायचं नाही. त्या व्यक्तीने वहीत नोंद करायची आणि तोंडावर काही दाखवायचं नाही. अशा बारा फेऱ्या, हव्या तर दोन संध्याकाळी. प्रत्येक वेळी तुम्ही लिहा: लावलाय की नाही. निव्वळ अंदाजाने बारापैकी दहा किंवा अधिक बरोबर येण्याची शक्यता दोन टक्क्यांच्या आसपास. दहा बरोबर आले तर तुमच्या घरात खरोखर काहीतरी घडतंय. कंडिशनर ठेवा, आणि शक्य असेल तर कारणही शोधा. सहा-सात आले तर आठवडा संपायच्या आत तो परत करा.

परत मिळालेल्या पैशांतून आधी फरशीवर जाड सतरंजी आणा. आपल्या दिवाणखान्यांत गुळगुळीत टाइल, उघड्या भिंती आणि काचेची सरकती दारं. स्पीकरमधून निघालेला स्वर चारी बाजूंनी आदळून पुन्हा कानावर येतो. स्पीकरच्या आणि तुमच्या बैठकीच्या मधल्या फरशीवर सतरंजी, काचेवर जाड पडदे, मागच्या भिंतीला पुस्तकांचं कपाट, आणि स्पीकर भिंतीपासून दीड-दोन फूट पुढे. हा फरक ऐकायला नाणं उडवावं लागणार नाही, शेजारच्या खोलीतल्या माणसालाही कळेल. आणि या पावसाळ्यात पहिला गडगडाट ऐकू आला की ऑडिओचे सगळे प्लग भिंतीतून काढा. त्यासोबत केबल टीव्हीची आणि इंटरनेटची वायरही, कारण वीज त्या वाटेनेही आत येते.